नळी फुगली म्हणून एमआरसीपी: गरज की लूट?

नाशिकची क्ष-किरणतज्ज्ञ
‘कावीळ दिसली की एमआरसीपी लिहून देणे ही लूट आहे, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली की थेट ईआरसीपी करावी’, असे काल येथे ठामपणे लिहिले गेले. एमआरसीपी म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेली पित्तनलिकेची चित्रे; ईआरसीपी म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला अडथळा काढणे. वीस वर्षे हेच रिपोर्ट लिहीत असल्यामुळे मला गप्प बसवत नाही. सोनोग्राफी नळी फुगल्याचे सांगते. अडथळा नेमका कुठे आणि कशाचा, हे तिला अनेकदा सांगता येत नाही, कारण नळीचे खालचे टोक आतड्यातल्या वायूआड दडलेले असते. एमआरसीपीत साचलेले पित्तच पांढरे चमकते आणि खडा त्यात काळा दिसतो. त्यासाठी शिरेतून औषध लागत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत. ईआरसीपीनंतर मात्र शंभरांतल्या ३ ते १० जणांना स्वादुपिंडाचा दाह होतो. नळीत खडाच नसेल, तर रुग्णाने ही जोखीम का पत्करावी?

सोलापूरचा वाचक
‘लूट’ हा शब्द माझाच आहे. वडिलांना हुडहुडी भरून ताप येत होता, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि नळीतला खडा सोनोग्राफीतच दिसला होता. तरीही ‘आधी एमआरसीपी’ म्हणून दोन दिवस नंबराची वाट पाहिली. तोवर त्यांचा रक्तदाब कोसळला. खडा अखेर दुर्बिणीनेच निघाला.

पुण्याची सून
चित्र नीट येतेच, असे तुम्ही दोघांनीही गृहीत धरले आहे. सासूबाईंना त्या बोगद्यात ‘ब्रीद इन, होल्ड’ असा इंग्रजी आवाज ऐकू येत होता आणि त्यांना त्यातले अक्षरही कळत नव्हते. चित्रे धूसर आली, तपासणी पुन्हा करावी लागली. ‘श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा’ एवढे मराठीत सांगायला काय जाते?

एमआरआय तंत्रज्ञ
मी प्रत्येकाकडून टेबलावरच तीनदा सराव करून घेतो. श्वासाच्या लयीशी जुळवूनही चित्रे घेता येतात. पण घाबरलेल्या माणसाची लयच बिघडते. पोटातले पाणीही पित्तासारखेच चमकते, म्हणून ते झाकायला मँगनीज असलेला अननसाचा रस पाजतो, तर नातेवाईक ‘उपाशी ठेवायला सांगून रस कसा देता’ म्हणून अंगावर येतात. सगळा दोष आमच्या माथी मारू नका.

पुण्याची सून
रस कशासाठी, हे आधी सांगितले असते तर कोणी अंगावर आले नसते. आम्हाला तुमचा सराव मिळाला नाही, मिळाला तो फक्त आवाज.

नाशिकची क्ष-किरणतज्ज्ञ
श्वासाबद्दलची तक्रार खरी आहे. सोलापूरकरांच्या वडिलांना थांबवून ठेवणे चूकच होते, हेही मला मान्य करावे लागेल: नळीत खडा दिसला असेल, पित्तमार्गाला जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) डेसिलिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर आणि नळी फुगलेली असेल, तर थेट ईआरसीपी करावी, असे अमेरिकन सोसायटी फॉर गॅस्ट्रोइंटेस्टायनल एंडोस्कोपीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. एमआरसीपी आहे ती शंका असलेल्यांसाठी, आणि तीतही ५ मिलिमीटरहून लहान खडे निसटू शकतात.

सोलापूरचा वाचक
मग पहिल्याच प्रतिसादात हे का लिहिले नाही? शब्द सरसकट सगळ्यांना लावला, तेवढा मागे घेतो. वडिलांच्या बाबतीतला घेणार नाही.