फी माफ, पण खोलीभाड्याचं काय?
मुलींचं शिक्षण आता फुकट झालं असं म्हटलं जातंय, ते अर्धंच खरंय. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या जीआरनुसार (शासन निर्णयानुसार) कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवी, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि खोलीभाडं, मेस? गावाकडून आलेल्या पोरीला खरा खर्च तोच असतो ना. एससी किंवा नवबौद्ध असाल आणि सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नसेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या सरकारी स्वाधार योजनेचा फॉर्म भराच, पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, फक्त पैसे उशिरा येतात आणि तोवर घरच्यांची ओढाताण होते, हे बदललंच पाहिजे. बँक खातं आधारला लिंक आहे का तेवढं आजच बघून घ्या.