मदत हवी: अंतराळातून परतल्यावरची चक्कर कानाची की रक्ताची?

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर आठवीला विज्ञान शिकवतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला परत आले तेव्हापासून लेकरं अंतराळाचा पिच्छा सोडेनात. परवा एकीनं विचारलं, "सर, कापूस वेचता वेचता ताठ उभं राहिलं की आईच्या डोळ्यापुढं अंधारी येते. वर तर उभं राहणंच नाही, मग त्यांना चक्कर कशाची?" घंटा झाली म्हणून वाचलो.

घरी येऊन वाचलं. इथं उभं असताना रक्त पायाकडं ओढलं जातं. तरंगताना ती ओढ जाणवत नाही, म्हणून जवळपास २ लिटर द्रव छाती-डोक्याकडं सरकतो. तोंड सुजतं, नाक चोंदतं, पायाच्या काड्या होतात. अंगात पाणी जास्त झालं असं समजून शरीर ते कमी करतं; रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, १०-१५ टक्क्यांनी घटतो. वर ते खपून जातं. खाली येऊन उभं राहिलं की रक्त पायात उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. म्हणून परतीला निघण्याआधी मिठाचं पाणी पाजतात. इथवर त्या आईचं गणितही जुळतं, उन्हात घाम गाळून तिचंही पाणी आटलेलंच असतं.

पण वर गेल्या गेल्या पहिले दोन-तीन दिवस मळमळतं, ते कानामुळं म्हणे. मग परतल्यावर तोल जातो तो कशानं? पोरांना दोन्ही वेगळं दाखवायचं कसं? फिरती खुर्ची चालेल का? शाळेत एकच आहे, हेडमास्तरांची.

प्रतिसाद १:
दोन्हींमुळं, सर. उभं राहिल्यावर येते आणि आडवं पडलं की थांबते ती रक्ताची. डोकं जरा कललं की गरगरतं ते कानाचं. खुर्चीचा नाद सोडा. तिनं कानातल्या, फिरणं ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव ढवळतो. इथं मुद्दा कानातल्याच चुन्याच्या बारीक खड्यांचा आहे. मान कलली की ते वजनानं सरकतात आणि मेंदूला खाली कुठं ते कळतं. वर वजनच नाही, मग डोळे एक सांगतात, कान दुसरंच. मेंदूला त्याची सवय होते, म्हणून खाली आल्यावर पुन्हा गोंधळतो. ताटात ज्वारीचे दाणे घेऊन ताट तिरकं करून दाखवा.
रक्तासाठी एका पोराला पाच मिनिटं बाकावर आडवं करा, नाडी मोजा, उभं करून लगेच परत मोजा. रक्तदाब उतरू नये म्हणून मेंदू हृदयाला पळवतो, ठोके वाढतात. आणि त्या आईचं हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

धागाकर्ता:
नाडीचा प्रयोग आज केला. ७६ चे ९४ झाले, मग अख्ख्या वर्गाला बाकावर झोपायचं होतं. ज्वारी उद्या. आईला उपकेंद्रात न्यायला पोरीला सांगितलंय.