"फुफ्फुसात पाणी" म्हणजे नक्की कुठे पाणी?

रिपोर्टात प्लुरल इफ्युजन असलं की आपण सरसकट "फुफ्फुसात पाणी झालंय" म्हणतो, मीही तेच लिहीत आलो, पण भाषांतर करताना पुढच्याच पानावर पल्मनरी एडिमा आला आणि त्यालाही माझ्याकडे तोच शब्द! आता काय करायचं?

> अडलात ते बरंच झालं. एडिमात पाणी खरंच फुफ्फुसाच्या आत, वायुकोशांत असतं. इफ्युजनचं बाहेर, एक पापुद्रा फुफ्फुसाला चिकटलेला आणि एक छातीला आतून, त्या दोघांमधल्या फटीत (तिथे एरवीही १०-२० मिली असतंच, वंगणासारखं). म्हणून "फुफ्फुसाभोवती पाणी" लिहा. फरक एका शब्दाचा, पण सुई घालून काढता येतं ते हे भोवतीचं, आतलं नाही.

> एक्सरेतही वेगळं दिसतं बरं का. उभ्याने काढलेल्या फिल्मवर बरगड्यांखालचा टोकदार कोपरा बोथट होतो, पण त्याला साधारण २०० मिली तरी साठावं लागतं, सोनोग्राफीत त्याहून बरंच कमी असलं तरी सापडतं. पाणी वाढलं की पांढऱ्याची वरची कड कडेला वर चढलेली, मध्ये खोलगट. तीच कड पट्टीने आखल्यासारखी आडवी असेल तर आत हवापण आहे.

कारणांचे शब्द पण सांगा ना, ट्रान्स्युडेट आणि एक्झ्युडेट दोन्हीला "स्राव" लिहिलंय कुणीतरी.

> मग अर्थच गेला की! हार्ट फेल्युअर, लिव्हरचा सिरॉसिस यांत दाब वाढून किंवा प्रोटीन कमी पडून पातळ पाणी झिरपतं, पापुद्रा धड असतो. न्यूमोनिया, टीबी, कॅन्सरमध्ये पापुद्राच बिघडतो आणि प्रोटीनवालं पाणी सुटतं. मी पहिल्याला "झिरप" आणि दुसऱ्याला "दाहस्राव" म्हणतो, कॅन्सरला दाह म्हणणं जरा ओढून ताणून आहे, मान्य.

> प्लुरसीला (याच पापुद्र्याचा दाह) "परिफुप्फुसशोथ" नको हो, शोथ म्हटलं की सूज डोळ्यापुढे येते, पेशंट सांगतो ते श्वास घेताना कुशीत चमक मारते असं. गंमत म्हणजे ग्रीक प्लुरा म्हणजे मुळात कूस, बरगडीच. "फुफ्फुसावरणदाह" चालेल.

> अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्लाकला (पापुद्र्यावरच्या जाड डागांना) मात्र "चट्टे"च लिहा. संपर्कानंतर वीसेक वर्षांनी दिसतात, कॅल्शियम बसलं की एक्सरेत पांढरे ठसठशीत. कॅन्सर नव्हे ते. मेसोथेलिओमात (पापुद्र्याच्या कॅन्सरात) जाडी गाठीगाठीची असते, फुफ्फुसाला चहूबाजूंनी वेढणारी, त्याला चट्टा म्हटलंत तर घोळ.

आणि फुप्फुस की फुफ्फुस?

> कोशात फुप्फुस, बोटांत फुफ्फुस. मी वर दोन्ही टाइप केलेत, बघा.