जळगाव जिल्ह्यात पँथर ग्रुपर मासा ठेवता येईल का? ४ फुटी टँक आहे

केळीबाग_रावेर:
राम राम मंडळी. माझ्याकडे ४ बाय दीड बाय दीड फुटाचा टँक आहे, आधी ऑस्कर मासे होते, आता रिकामा आहे आणि मरीन (खाऱ्या पाण्याचा टँक) करायचंय. मुंबईत एका दुकानात पँथर ग्रुपरचं पिल्लू पाहिलं, तीनेक इंच असेल, पांढरंशुभ्र अंग त्यावर काळे टपोरे ठिपके, डोकं खाली करून असं लहरत पोहतं की मी तिथून हललोच नाही. दुकानदार म्हणे चार फुटात आरामात राहतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, घरी आरओ आहे, मे मधे पारा ४५ ला टेकतो आणि लाईटचं तुम्हाला माहितीच आहे. समुद्राचं पाणी सुरतहून कॅनमधे आणायचा विचार आहे, गाडी जातेच तिकडे. जमेल का? खरं सांगा.

तापीकाठ:
भाऊ खरं सांगायचं तर हा मासा त्या टँकमधे नका आणू. पँथर ग्रुपर ७० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि तुमच्या टँकची रुंदी ४५ सेंटीमीटर, म्हणजे मोठा झाला की त्याला सरळ वळता पण येणार नाही. टँक लहान असला की मासा लहानच राहतो असं दुकानात सांगतात ना, ते ऐकू नका, तो लहान राहत नाही, खराब पाण्यात खंगतो. आणि तोंडात मावेल तो प्रत्येक मासा गिळतो, म्हणजे सोबत छोटं काही ठेवायचा विषयच नाही.

सुरतचं पाणी पण नको. आपली तापी तिथेच समुद्राला मिळते, किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि त्यात गोडं पाणी मिसळलेलं, शिवाय शहराचं काय काय येतं ते वेगळंच. सिंथेटिक सॉल्ट (मरीन टँकसाठी मिळणारं तयार समुद्री मीठ) घ्या, लिटरला ३५ ग्रॅम धरा, तुमच्या टँकला पहिल्यांदा ९ किलोच्या आसपास लागेल. खायचं मीठ अजिबात नाही चालत, ते नुसतं सोडियम क्लोराईड, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियम बरंच काही असतं. घरच्या आरओला मिनरलची कार्ट्रिज किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा व्हॉल्व्ह असेल तर पाणी त्याच्या आधी काढून घ्या.

धुळे_मरीन:
तापीकाठ भाऊंशी सहमत, पण खानदेशात मरीन होतच नाही असं मनात धरू नका भो, होतं. आपल्याकडे खरी लढाई उन्हाळ्याशी. पाणी २५-२६ डिग्रीला राहिलं पाहिजे, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून मोठा मासा आधी धापा टाकायला लागतो. आपली हवा एप्रिल-मे मधे कोरडी असते त्यामुळे पाण्यावर फॅन लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात, पण पाणी उडतं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी टाकून लेव्हल भरायची, मिठाचं नाही!! पाऊस लागला की हवा दमट होते, मग फॅनचा फारसा उपयोग नाही. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) घेतला तर तो खोलीत गरम हवा फेकतो, बंद खोलीत ठेवू नका. लाईट गेली की सगळ्यात आधी एअर पंप चालला पाहिजे, बॅटरीवाला घेऊनच ठेवा, चिलर इन्व्हर्टरवर धरू नका.

चोपड्याचा_ठाण्यात:
मोठाच मासा पाहिजे असेल तर हिशोब आधी करा. ८ बाय ३ बाय अडीच फूट म्हणजे जवळपास १७०० लिटर, नुसतं पाणीच पावणेदोन टन, वर काच, दगड, स्टँड. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय पाणी भरू नका. पहिल्यांदा मीठ ६० किलो, नंतर दर वेळी १० टक्के पाणी बदललं तरी ६ किलो. ग्रुपर मांस खाणारा, त्यामुळे घाण पण तितकीच, मोठा स्किमर (फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणारं मशीन) लागतोच. हे सगळं असेल तर मासा खरंच देखणा आहे, समोर आला की नजर हटत नाही. नसेल तर त्या पिल्लावर दया करा.

केळीबाग_रावेर:
मोठा टँक आत्ता तरी शक्य नाही. मग माझ्या टँकमधे रुबाबदार असं काय बसेल? शिकारी मासाच आवडतो मला.

तापीकाठ:
फझी ड्वार्फ लायनफिश बघा, १७-१८ सेंटीमीटरला थांबतो, दगडाच्या सावलीत पंख पसरून बसतो आणि रंग जबरदस्त. पण काट्यांमधे विष असतं, हात घालताना तो कुठे बसलाय ते आधी बघा, लहान मुलं घरात असतील तर झाकणाला कुलूप. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवायचा आणि सरळ डॉक्टरकडे. सुरुवातीला जिवंत खाणं मागेल, हळूहळू काडीला लावून फ्रोजन कोळंबीवर आणा.

धुळे_मरीन:
आणि मासा आणायच्या आधी टँक सायकल करा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आधी वाढू द्या, चार ते सहा आठवडे लागतात, अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही टेस्ट किटवर शून्य आले तरच. आत्ता सुरू केलं तर हिवाळ्यात मासा येईल, ट्रेनच्या प्रवासात त्याला उन्हाचा त्रास पण नाही होणार.

केळीबाग_रावेर:
ठरलं. या आठवड्यात सॉल्ट आणि टेस्ट किट मागवतो. स्किमर किती लिटरचा घेऊ?

तापीकाठ:
डब्यावर ५०० लिटर लिहिलेला घ्या, ते आकडे कमी मासे धरून लिहिलेले असतात.