कॉनर मॅकफर्सन: रंगभूमी आणि पडदा

आयरिश नाटककार-दिग्दर्शक कॉनर मॅकफर्सन सिनेमाकडे वळले आणि त्यांच्यातला नाटककार मागे पडला, असे मत एका चर्चेत मांडले गेले; ते मला पटत नाही. त्यांच्या 'द वेअर'ला १९९९ साली सर्वोत्कृष्ट नव्या नाटकाचे ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीवरचे मानाचे पारितोषिक मिळाले, त्यानंतरच्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच 'दिस लाइम ट्री बावर' या तीन स्वगतांच्या नाटकावरून 'सॉल्टवॉटर' हा चित्रपट दिग्दर्शित केला. आणि चित्रपट चालू असतानाही 'द सीफेअरर' (२००६) सारखे भक्कम नाटक त्यांनी लिहिलेच.

त्या चर्चेत त्यांच्या 'द इक्लिप्स' या चित्रपटाचा (२००९) उल्लेख आला नाही, याची मात्र रुखरुख वाटली, कारण त्यांच्यातल्या नाटककाराचे काय झाले या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच दिसते. 'द वेअर'मध्ये आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या, गिनेस बिअरचा नळ बिघडलेल्या पबात माणसे एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात, आणि शेवटी डब्लिनहून आलेली व्हॅलरी आपल्या बुडून गेलेल्या मुलीचा फोन आल्याचे सांगते. रंगमंचावर भूत कुठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त ऐकणाऱ्यांचा चेहरा. आयरिश लेखक बिली रोश यांच्यासह लिहिलेल्या 'द इक्लिप्स'मध्ये हेच दुःख आयर्लंडमधल्या कोव्ह या बंदराच्या गावी राहणाऱ्या एका विधुराच्या वाट्याला येते, पण इथे तो फारसे बोलत नाही. ही भूमिका करणारा अभिनेता किअरन हाइन्ड्स रात्री अंधाऱ्या घरात आवाजाचा कानोसा घेत उभा राहतो, आणि नाटकात जे काम दीर्घ स्वगताने केले असते ते त्याचे थांबणेच करते. लेखणी तीच आहे. तिने फक्त शब्द कमी केले आहेत, असे मला मनापासून वाटते.