गावठी, विषारी की अवैध?

मोरपंखी: एका आरोग्यपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय: मिथेनॉल मिसळलेली चोरटी दारू. प्यायल्यावर नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, धाप लागली तर झोपून काढू नका, दवाखाना गाठा. मी 'गावठी दारू' लिहिलं, संपादकांनी 'विषारी दारू' केलं. पण विषारी समजून कोण विकत घेतं? वाचणाऱ्याला वाटणार, हे आपल्यासाठी नाहीच.

बंडोपंत: गावठी नकोच. गावठी अंड्याला जास्त पैसे मोजतो आपण, दारूला लागलं की शिवी! काळा गूळ, नवसागर घालून लावलेल्या भट्टीत मिथेनॉल नावापुरतं. २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती कारखान्यांत वापरायच्या मिथेनॉलने.

तळकोकणी: आणि मथळे 'मालवणी दारूकांड'! आये फोनार इचारता, "मालवणात काय झाला रे?"

शब्दप्रामाण्य: 'भेसळयुक्त अवैध मद्य'. नेमका आणि शुद्ध.

बंडोपंत: गुत्त्यावर जाऊन मागून बघा. 'परमिट रूम'चंही 'अनुज्ञा कक्ष' कराल तुम्ही.

शब्दप्रामाण्य: का नको? १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही आहे, प्यायला परवाना लागतो. अर्थ लोप पावला म्हणून तर 'परमिट रूम' म्हणजे नुसता बार झालाय.

बंडोपंत: परवाना कुणी विचारत नाही, पाटी मात्र तीच. यालाच मराठी शब्द म्हणतात हो.

म्हापशेकार: आमच्या गोव्यात काजूची फेणी परवान्याने गाळतात, २००९ ला भौगोलिक मानांकन मिळालं. आधी हुर्राक, ती परत गाळली की फेणी. फेसावरून फेणी, बाटली हलवून बघा.

तळकोकणी: मग सुतरफेणीत किती टक्के असते?

मोरपंखी: पत्रक उद्या छापायला जायचंय...

रातपाळी: इमर्जन्सीत काम करतो म्हणून सांगतो, 'अवैध' अजिबात लिहू नका. पोलीस विचारतील या धास्तीने आधीच लोक उशिरा येतात. आल्यावरही "काही घेतलं नाही" म्हणतात, तोवर मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होऊन नजरेची नस जळायला लागलेली असते. 'कुठलीही सुटी, खुली दारू' लिहा आणि लगेच लक्षणं. गंमत म्हणजे यावर उतारा दारूचाच, म्हणजे इथेनॉलचा. ते यकृताला गुंतवून ठेवतं. पण तो दवाखान्यात, मोजून. घरी बाटली पाजू नये.

शब्दप्रामाण्य: 'खुली' म्हणजे उघडलेली. सीलबंद नसलेली म्हणा. शिवाय विषावर 'प्रतिविष' असतं, उतारा दृष्ट लागल्यावर.

बंडोपंत: विंचवावरचा उतारा ऐकला नाही कधी? नशा उतरते, विष उतरतं, त्यावरून उतारा.

म्हापशेकार: आणि सातबाराचा उतारा?

शब्दप्रामाण्य: तो उतरवून घेण्यावरून. धातू एकच, पण अर्थ पार वेगळा.

बंडोपंत: वेगळा कसा? तलाठ्याकडे चार खेपा घाला, नशा तिथेही उतरते.