‘बिलाय’ म्हणजे उघड करणे की झाकणे?

प्रश्न : शिक्षिका, घाटंजी तालुका

आमच्या गावच्या शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवते. एका सराव-पुस्तिकेत ‘त्याच्या थरथरत्या हातांनी त्याची भीती बिलाय केली’ अशा आशयाचे वाक्य आहे आणि ‘बिलाय’ (belie) या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘उघड करणे’ असा दिला आहे. तोच मी फळ्यावर लिहिला. तेव्हा पहिल्या बाकावरील मुलीने कोश पुढे केला; त्यात ‘खोटा समज करून देणे’ आणि त्याखाली ‘खोटे ठरवणे’ असे दोन अर्थ होते. उद्या तिला काय सांगावे?

उत्तर : निवृत्त शिक्षक, आर्वी

ताई, कोश बरोबर आहे आणि पुस्तिका चुकली आहे. या शब्दाच्या पोटातच ‘लाय’, म्हणजे खोटे बोलणे, आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ रूपाचा अर्थ खोटे बोलून फसवणे असा होता. एखाद्याविषयी खोटेनाटे पसरवणे हाही त्याचा एक अर्थ होता, तो आता मागे पडला. आज या क्रियापदाचा कर्ता बहुधा माणूस नसतो. चेहरा, आवाज, पेहराव किंवा आकडे असतात. थरथरणारे हात खोटे बोलत नाहीत, ते मनातले सांगून टाकतात, म्हणून तेथे ‘बिट्रे’ (betray), म्हणजे लपलेले उघड करणे, हवे. आपण म्हणतो ना, हातांनी चुगली केली! भीती पोटात असूनही आवाज शांत राहिला, तर मात्र त्या आवाजाने भीती ‘बिलाय’ केली. दोन्ही शब्दांचा आरंभ सारखा आणि दोन्हींत फसवणुकीचा वास, त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही लेखनात ही गल्लत आढळते.

उत्तर : कापूस उत्पादक, राळेगाव

मॅडम, मुलांना कपाशीच्या वावरात नेऊन हे दाखवता येईल. गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते, त्यामुळे बोंड बाहेरून हिरवेगार आणि भरलेले दिसते, पण फोडले की आत किडलेली सरकी आणि डागाळलेली रुई निघते. ते हिरवे बोंड आतले नुकसान ‘बिलाय’ करते. याउलट पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली डोमकळी दिसली, की अळी आत आहे हे आम्ही ओळखतो. डोमकळी अळीला ‘बिट्रे’ करते. बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले त्या २०१७ च्या हंगामात ज्यांनी हिरव्या बोंडांवर भरवसा ठेवला, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दादा, हे उदाहरण मुलांना चटकन पटेल. पण ‘खोटे ठरवणे’ हा अर्थ याच्याशी कसा जुळतो? हिरवे बोंड स्वतःच फसवे आहे, तर खोटे ठरवणारी गोष्ट खरी असावी लागते.

उत्तर : निवृत्त शिक्षक, आर्वी

आपण नेमके मर्म धरले आहे. ‘यंदा पीक उत्तम आहे’ असे कोणी म्हटले आणि जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, आलेल्या कापसाच्या मोजक्याच गाड्यांनी ते खोटे पाडले, तर तेथेही ‘बिलाय’च चालते. पहिल्या अर्थात कर्ता फसवा आणि कर्म खरे असते. दुसऱ्यात कर्ता खरा आणि कर्म खोटे असते. दोन्हींकडे कर्ता आणि कर्म यांचा मेळ मात्र बसत नाही, आणि मुलांना पारखायला तेवढी खूण पुरते. मेळ बसला, तर शब्द ‘बिट्रे’ असणार.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

मनःपूर्वक आभार, गुरुजी. उद्या पुस्तिकेतील तेच वाक्य फळ्यावर लिहून त्या मुलीच्याच हातून दुरुस्त करून घेते.